माणशी एक बाटली

"हा शॅम्पू कोणाचा?" बंदरावरच्या अधिकाऱ्याने विचारलं.

बोटीवर चढण्याआधीच्या त्या लांबलचक टेबलावर बॅग उघडी पडली होती आणि मागे रांग खोळंबली होती. अधिकाऱ्याने झाकणाला हात घालण्याआधीच अण्णा पुढे झाले.

"माझा."

जावयाने सासऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे औषधालाही केस उरला नव्हता. एरवी त्याला हसू आलं असतं, पण झाकण निघालं, दारूचा उग्र भपकारा आला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लिफ्टची तपासणी करणं ही त्याची नोकरी. किती माणसं आणि किती वजन हे पाटीवर लिहिलेलं असतं, ते पाळलं की कोणी मरत नाही, इतका साधा त्याचा हिशेब. बोटीचे नियमही त्याने महिनाभर आधी छापून घेऊन स्वयंपाकघरात चिकटवले होते. मोठ्या माणसाला माणशी वाइनची एक सीलबंद बाटली, तीही हातातल्या सामानात. ती जेवणाच्या दालनात उघडली तर वेगळा आकार, आपल्या खोलीत उघडली तर फुकट. बाकी कुठलीही दारू चालणार नाही, आणि कशात लपवून आणली तर त्या माणसाला बोटीवर पाय ठेवू देणार नाहीत.

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून ही सहल होती. नियमांचा कागद बायकोने दोनदा वाचला आणि म्हणाली, "माणशी एक आहे ना, मग दोन घ्या. फिरकीच्या झाकणाच्या घ्या, ओपनर शोधत बसायला नको." अण्णा तेवढे जेवता जेवता थांबले. वाइन कशाला, नुसतंच जाऊ या, असं काहीतरी पुटपुटले. जावयाने कानाडोळा केला. समोर बाटली असून तिला हात लावता येणार नाही, याचं म्हाताऱ्याला वाईट वाटणारच.

अण्णांचं पिणं घरात कोणाला नवं नव्हतं. कधी पलंगाखाली, कधी फ्लशच्या टाकीत बाटली सापडायची. सापडली की ते मान खाली घालून कबूल करायचे. झिंगलेले मात्र कधी दिसले नाहीत; मुरलेला माणूस पचवतो, असं जावई म्हणे. बायको बिचारी बापाच्या काळजीने खंगली होती. दुपारभर पडदे ओढून, डोकं धरून पडलेली असायची. हेही त्याने चालवून घेतलं असतं. पण गेल्या वर्षी त्यांची सहा वर्षांची लेक चिऊ भर रहदारीच्या रस्त्यावर एकटी सापडली. मी तिला अण्णांजवळ सोडून पडले होते, असं बायको रडत रडत म्हणाली आणि अण्णांनी नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून पोरीला त्यांच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, असं त्याने निक्षून सांगितलं होतं. चिऊ त्याचा जीव की प्राण होती.

"पण ही बॅग तर ताईंची आहे," अधिकारी म्हणाला.

"मीच लपवली तिच्यात," अण्णा म्हणाले.

बायको फरशीकडे बघत उभी होती. "अण्णा," एवढंच ती म्हणाली आणि थांबली.

अधिकाऱ्याने कागद भरायला घेतला. बाकीचे जाऊ शकतात, यांना मात्र इथूनच परत जावं लागेल. रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अण्णा त्याच्याजवळ आले. "जावईबापू, मी जातो. घरही सोडतो, तुम्ही म्हणाल तिथे राहतो. फक्त तुमच्या त्या दोन बाटल्या मला देऊन टाका."

लिहिता लिहिता अधिकाऱ्याचा हात थांबला.

"थोडी तरी लाज बाळगा," जावई दबक्या आवाजात म्हणाला.

"पाया पडतो तुमच्या," अण्णा म्हणाले आणि सगळ्यांदेखत खरोखरच वाकले.

त्याने खांद्यावरची पिशवी काखेत घट्ट धरली आणि पाठ फिरवली. वळून बघतो तो अण्णा चिऊपुढे गुडघे टेकून तिच्या कानात काहीतरी सांगत होते. ती बोटांवर एकेक मोजत मान हलवत होती. त्याने तिचा हात धरून तिला ओढून नेलं.

बोट हलली तेव्हा धक्क्यावर ते टक्कल बराच वेळ दिसत राहिलं. अण्णांनी हात हलवला नाही. जावयाला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. बायकोचं डोकं दुखत होतं. मी खोलीत पडते, चिऊ माझ्याजवळ राहील, तुम्ही निवांत फिरून या, असं तिने सांगितलं. खांद्यावरची पिशवी खोलीत ठेवून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पोरीची काळजी न करता तो बाहेर पडला. जेवणाच्या दालनात त्याने खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवलं. सवयीप्रमाणे बोटीच्या लिफ्टमधली पाटी वाचली. मग कठड्याशी उभा राहून किनारा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. खोलीकडे परतायला दोन तास झाले.

दार चिऊने उघडलं. आत पडदे ओढलेले होते आणि आंबूस वास कोंडला होता. पुढे टाकलेल्या पायाला लागून एक रिकामी बाटली गडगडत गेली. दुसरी टेबलावर होती, तिच्यावर झाकण नव्हतं.

"हळू बोला ना बाबा, आई झोपलीय," चिऊ तोंडावर बोट ठेवून म्हणाली. "मी तिला ढकलून ढकलून कुशीवर केलं आणि तोंडाखाली टॉवेल घातला. घरी मी एवढंच करते, मग आजोबांना हाक मारते. आता त्यांना कसं बोलवू?"