पिल्लूची आई

"हा बघ, पुन्हा आला," सिस्टर म्हणाली आणि तिने लॅपटॉप भाच्याकडे फिरवला. दाढ काढून चार दिवस झाले होते, तरी तिचा गाल सुजलेला होता. शब्द अर्धे आतच राहत होते.

पडद्यावर तोच मजकूर होता. फिटच्या गोळ्यांनी मेंदू मंद होतो, मी माझ्या मुलाच्या बंद केल्या, वर्ष झालं, एकदाही फिट आली नाही. खालचं नाव तेवढं नवं. एकाच माणसाचं हे पाचवं खोटं खातं, डू-आयडी. एक उडवलं की हा बाबा दुसरं नाव घेऊन दारात हजर.

फिट येणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी सिस्टरने हा फोरम काढला, तेव्हा ती मुलांच्या वॉर्डात नर्स होती. आता निवृत्त होऊन दिवसभर तोच सांभाळायची. त्या माणसाने बुधवारी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा ती दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसली होती. घरी येऊन तिने ते पुसलं, पण तोवर अडीच तास गेले होते आणि तीनशे जणांनी वाचलं होतं.

"मावशी, तुला कितीदा सांगितलं," भाचा म्हणाला. वेबसाइट बनवणं हा त्याचा धंदाच होता. "फोरम बंद कर, ब्लॉग काढ. फोरमवर कुणीही उठतो, हवा त्या विषयाचा धागा काढतो आणि तू आपली झाडू घेऊन त्याच्या मागे. ब्लॉगवर लिहिणार फक्त तू. खाली कुणी काही लिहिलं, तरी तू हो म्हटल्याशिवाय दिसणार नाही."

"आणि मी काय लिहू?"

"तुला काय कमी माहिती आहे?"

"औषधं माहीत आहेत. पण बत्तीस वर्षं मी ड्यूटी संपली की घरी जात होते रे. या बायका कुठे जाणार? मूल शाळेत पडलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांना काय सांगायचं, हे त्या एकमेकींना विचारतात. मला नाही विचारत."

"त्यांच्यातच तोही आहे ना?"

 सिस्टरने गालावर हात ठेवला.

"बरं, फोरम राहू दे," भाचा जरा नरमला. "पण आजपासून प्रत्येक प्रतिसाद आधी तुझ्याकडे येईल. तू मंजूर केलास की मगच दिसेल. ब्लॉगसारखंच." त्याने दोन ठिकाणी टिचक्या मारल्या. "झालं. आता येऊ दे त्याला."

चार दिवसांत पहिल्यांदाच सिस्टरचे खांदे सैल झाले. तिने चहा टाकला. आता लॅपटॉप उघडाच आहे, तर ब्लॉग कसा दिसेल तेही बघ, म्हणून भाच्याने नमुना उघडला. निळा रंग त्याला दवाखान्यासारखा वाटला. त्याने हिरवा लावला, तर ती म्हणाली, "शेवाळ साठल्यासारखं दिसतंय." दोघं हसली. हसताना तिच्या दाढेची जागा ठणकली.

कप विसळून तिने मंजुरीची यादी उघडली. तीन प्रतिसाद थांबले होते. एक त्याच माणसाचा, सहाव्या नावाने. एका बापाने शाळेच्या सहलीबद्दल विचारलं होतं. तिसरा प्रतिसाद 'पिल्लूची आई' या नावाचा.

'त्या दादांचं वाचून गुरुवारपासून गोळ्या बंद केल्या. आता फिट आलीय, थांबत नाहीये. दहा मिनिटं झाली. घरात एकटी आहे. कुणी आहे का?'

आल्याची वेळ तीन वाजून दहा मिनिटं. घड्याळात साडेतीन झाले होते.

सिस्टरने मंजूर केलं आणि खाली लिहिलं, 'कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. आत्ताच अॅम्ब्युलन्स बोलवा. नाहीतर मला पत्ता लिहा, मी बोलावते.'  

"हिचा फोन नंबर?" भाच्याने विचारलं.

"नाही."

"गाव तरी?"

"ईमेल आहे फक्त. तूच म्हणाला होतास, जास्त माहिती मागितली की लोक बिचकतात."

भाच्याने मंजुरीची अट काढून टाकली. पाच मिनिटांत चाळीस प्रतिसाद आले. कुणी आहे का, असं तिने विचारलं होतं. सगळ्या होत्या. कुणी स्वतःचे फोन नंबर दिले, कुणी विचारलं, ताई, तुम्ही कुठल्या, गाडी घेऊन निघते. एकीने नुसतं 'ताई, बोला ना' एवढंच लिहिलं, तीनदा. पिल्लूच्या आईचं त्यांत काही नव्हतं.

"मावशी, मला वाटलं, मंजुरी लावली की..."

"मलाही तसंच वाटलं होतं."

अंधार पडेपर्यंत दोघं पडद्यासमोर बसून राहिली. निघताना भाचा चपला घालत म्हणाला, "मग आता कसं ठेवू? मंजुरी चालू की बंद?"

"कसंही ठेव."

सिस्टरने पिल्लूच्या आईला त्या दिवशी ईमेल केली, सोमवारी केली, मंगळवारी केली. बाळ कसं आहे, एवढंच. गुरुवारी फोरमवर एक विनंती आली. पिल्लूची आई यांना आपलं खातं बंद करायचं आहे. पुढे कारणाचा रकाना होता, तो कोरा. खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर.

"आता फोरमवर आली होती म्हणजे सगळं ठीक असेल, मावशी," भाचा फोनवर म्हणाला. 

विनंती अजून यादीत आहे. सिस्टर रोज सकाळी ती उघडते, कोरा रकाना बघते आणि बंद करते.