बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

पोह्यांची बशी घेताना लालासाहेब देणारीकडंच बघत राहिला आणि शेंगदाणे मांडीवर सांडले. शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं, शालूबाईनं, ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आष्ट्याच्या सयाजी सुभेदारांच्या घरी मुलगी बघायचा कार्यक्रम चालला होता. बशी देणारी अंजना सुभेदारांची धाकटी, मॅट्रिक झालेली. शेंगदाणे पाहून ती गालात हसली, आणि इस्लामपूरच्या शाळेतला हा गणिताचा मास्तर तिथंच विरघळला.

आता आली का पंचाईत!

मास्तराला मुळात लग्नच नको होतं. आईच्या हातची भाकरी, संध्याकाळी पत्त्यांचा डाव, फावल्या वेळात आकडेमोड. काय कमी होतं? बहात्तरच्या दुष्काळाची सबब वर्षभर पुरली. पाऊस झाला, सबब संपली. मग गड्यानं सरळ जोतिबाची आण घेतली. एकापासून सातापर्यंतचे आकडे ओळीनं मांडायचे. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. एक आणि ती संख्या स्वतः सोडून तिला पुरतं भागणारी संख्या जी पोरगी सांगेल, तिच्याशीच लग्न!

दिसायला सोपी, पण महाखट संख्या. दोनानं जात नाही, तीनानं नाही, सातानं नाही, अकरानं नाही. पोरी गप्प बसायच्या आणि मास्तर खुशीत घरी यायचा.

"आरं, पर हाय का असा आकडा?" शालूबाईनं एकदा जळणाच्या शेण्या मोजता मोजता विचारलं होतं.

"हाय की. एकशे सत्तावीस."

"म्हंजी किती इसा?" शाळा न पाहिलेल्या शालूबाईची सगळी मोजणी विसाविसांची. शंभर म्हणजे पाच इसा.

"सहा इसा नि सात. तुला काय करायचंय?"

"मला काय कळतंय त्यातलं," म्हणत तिनं पुढची शेणी उचलली.

आज तोच प्रश्न मास्तराच्या गळ्यात आला होता. आण मोडावी तर जोतिबा कोपणार, विचारावा तर ही पोरगी हातची जाणार. आपल्याच शहाणपणाचा त्याला मनापासून राग आला.

शालूबाई उठली. "पोरीचं केस बघून येती," म्हणाली आणि अंजनाला माजघरात घेऊन गेली. रीतच होती ती. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. अंजनाची वेणी घट्ट होती, अबोलीचा गजरा जसाच्या तसा.

ती पाटावर बसली. नाव, शिक्षण विचारून झालं. तिनं अगदी शाळेतल्या शुद्ध भाषेत उत्तरं दिली.

"विचारा मास्तर, काय विचारायचं ते," सुभेदार म्हणाले.

मास्तरानं मनातल्या मनात जोतिबाला नारळ कबूल केला आणि जड जिभेनं प्रश्न विचारला.

अंजनानं मान खाली घातली. शालूबाई सुपारी कातरत होती. तिनं काही वर पाहिलं नाही.

"सहा इसा नि सात," अंजना म्हणाली.