वाळवंटाचा मोसम

वाळवंटात तंबू ठोकून राहायला कोणता मोसम उत्तम, हे सहल कंपनीचे व्यवस्थापक गिऱ्हाइकांना पोटतिडकीने समजावून सांगत. घरी बायकोने हाच विषय काढला, की मात्र म्हणत, “हिवाळ्यात आमचं काम ऐन भरात असतं. आपण उन्हाळ्यात जाऊ, गर्दी नसते.” उन्हाळा आला, की “या उकाड्यात कुठे वाळू तुडवायची?” असे वायद्यांवर वायदे करीत त्यांनी बावीस वर्षे काढली.

आज कचेरीच्या फोनवर अनोळखी नंबरवरून संदेश आला, “वाळवंटात कधी जावं? आमचे हे म्हणतात, उन्हाळ्यात जाऊ.”

व्यवस्थापकांनी तत्परतेने लिहिले, “डिसेंबरात, ताई! दिवसा कोवळं ऊन, रात्री चांदण्यांनी गच्च भरलेलं आभाळ. उन्हाळ्यात जाऊ म्हणणारा माणूस तुम्हाला चक्क टोलवतोय.”

“पण यजमानांना तेव्हा सवड नसते हो.”

“मग राहू द्या त्यांना घरी! जन्मभर त्यांच्याच सवडीची वाट बघणार का? मैत्रिणींबरोबर खुशाल जा.”

 

“बरं, मग आम्हा चौघींचा तंबू नोंदवा, आणि हा आपल्या सूनबाईचा नवा नंबर जपून ठेवा, डिसेंबरात जेवणाचं तिलाच विचारायचं आहे तुम्हाला.”