आपापलं दार

"हे बघ विकस्टेड, आज पुन्हा त्या दारानं उतरलास, तर हा तुझा शेवटचा सामना," कप्तान थॉर्नबी म्हणाला.

हेन्री विकस्टेड पॅड बांधत होता. त्यानं मानही वर केली नाही.

१९०८च्या त्या उन्हाळ्यात काउंटीच्या मैदानाला दोन दारं होती. हौसेनं खेळणाऱ्या घरंदाज मंडळींचं एक, पगारावर खेळणाऱ्यांचं दुसरं. संघ एकच, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, जेवणाची टेबलंही वेगळी. सलामीची जोडी दोन दारांनी निघायची आणि हिरवळीवर एकमेकांना भेटायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. हेन्रीला वाटायचं.

कालच तो नको त्या टेबलावर जेवायला बसला होता. तिथल्यांचे घास हातातच राहिले. मागच्या सामन्यात तर भलत्या दारानं उतरून त्यानं शतक ठोकलं, तेव्हा अर्ध्या लोकांनी टाळ्या आवरत्या घेतल्या.

"माणसानं आपली पायरी ओळखून वागावं," थॉर्नबी म्हणाला. "तुझा जोडीदार बघ. जो टॅटरसल कधी आपलं दार सोडतो का?"

"ते त्यालाच विचारा की."

"वडिलांचा तरी विचार कर. या मैदानासाठी त्यांनी काय कमी केलंय? त्यांच्याकडं बघून तुला संघात घेतलं."

"धावा वडील काढत नाहीत."

थॉर्नबीचा आवाज खाली आला. "असा हात मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही रे. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस?"

क्रिकेटवाचून जगायची कल्पनाही हेन्रीला सोसवत नव्हती. त्यानं बॅट उचलली.

"ठीक आहे. मग शेवटचा तर शेवटचा."

पंच मैदानात उतरले होते. थॉर्नबी वाट अडवून उभा राहिला. हेन्री त्याला बाजूला सारून दाराशी गेला. जो टॅटरसल तिथं थांबला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, चेहरा उतरला होता.

हेन्रीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चल, जोडीनं जाऊ."

जोनं टोपीला हात लावला.

"डोकं सांभाळा, साहेब," तो म्हणाला. "आम्हा पगारी माणसांच्या दाराची चौकट जरा ठेंगणी आहे."