सुभेदाराची घंटा

"खारीचं पिल्लू पडलं बघा फांदीवरून," ती म्हणाली. "नाही, लागलं नाही काही. चढलं परत."

पायरीवर चामडं शिवत बसलेल्या नवऱ्याने मान वर केली. "तुझी नजर म्हणजे अगदी घारीची हं."

ती नुसती हसली. पिल्लू तिने पाहिलंच नव्हतं. पानांत धपकन झालं, खारीने चिरचिराट केला, मग सालीवर नखं खरवडली. बाकीचं सगळं तिच्या पदरचं. गेल्या हिवाळ्यापासून डोळे धूसर होत होत आता नुसत्या उजेड-सावलीवर आले होते. शेजारणीला घेऊन ती गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आली होती. गेलेली नजर परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. लेक फोनवर सारखी बजावायची, "दोघांपैकी एकाचं जरी काही बिनसलं, तरी घोडे विकायचे आणि माझ्याकडे राहायला यायचं." लेक मायेची होती, घरही छान होतं. पण ते चौथ्या मजल्यावर. तिथे बाईने दिवसभर करायचं काय, भिंतींशी गप्पा?

आणि घोडे म्हणजे तरी काय, दोनच उरलेले. आक्का ही म्हातारी घोडी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. आणि सुभेदार, त्याच्या गळ्यात घंटा. सुभेदार चालला की घंटा वाजायची आणि घंटेमागे आक्का निघायची, पाण्यावर, सावलीत, तबेल्यात. ही युक्ती नवऱ्याची. जन्मभर खोगिरं शिवलेला माणूस, घोड्याचं मन त्याला बरोबर कळायचं. माणसांच्या बाबतीत मात्र आनंदच, असं तिचं मत होतं. म्हणून तर लपवाछपवी आजवर निभावली होती.

दुपारी ती कुंपणापाशी आक्काला खरारा करत होती. पाठीवरून, पोटाखालून, हात आपोआप फिरत होता. तेवढ्यात मागून घंटा वाजली. आक्काची मान तिकडे वळली, तशी तीही वळली.

"बघा, आला सुभेदार लाड करून घ्यायला," ती म्हणाली. "उन्हात काय चमकतोय हो आज! चांगलीच तब्येत धरलीय."

घंटा जागच्या जागी थांबली.

"हो," नवरा म्हणाला. "चमकतोय खरा."

मग तो पायरीवर जाऊन बसला. बराच वेळ शिवणकामाचा काहीच आवाज आला नाही. नंतर चामड्यातून कात्री फिरल्याचा तेवढा आला. झाडावर कावळे भांडत होते, आक्का शेपटीने माश्या वारत होती. आजचाही दिवस निभावला, असं तिला वाटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिने कान टवकारले.

"घोडे? नाही गं, विकायचे-बिकायचे नाहीत," नवरा आत बोलत होता. "आईला काय झालंय? मला न दिसलेलं सगळं तीच दाखवत असते मला. आम्ही इथेच बरे आहोत."

तिचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवर निवांत टेकली. उजेड विझत चालला होता आणि चिमण्यांचा गलबला हळूहळू थांबत होता. तेवढ्यात घंटा वाजू लागली. कुंपणाकडे नव्हे, अगदी जवळ. स्वयंपाकघराच्या दारातून तिच्याच दिशेने येत होती.

"अहो, सुभेदार घरात शिरला! फाटक उघडं राहिलं वाटतं."

"सुभेदार सकाळपासून मागच्या झाडाला बांधलाय." घंटा वाजत होती तिथूनच नवऱ्याचा आवाज आला. "पट्टा तुटला होता, म्हणून घंटा काढून शिवायला घेतली होती मी. दुपारी दोरा आणायला उठलो, तेव्हा ती माझ्या हातात होती."

नवरा शेजारी बसला. त्याने तिचा हात धरून त्यात चहाचा कप दिला. कप देताना घंटा पुन्हा किणकिणली. तिने चाचपून पाहिलं. पट्टा कापून आखूड केला होता आणि त्याच्या मनगटावर घट्ट बांधला होता.

"सुभेदाराला दुसरी आणू," तो म्हणाला. "ही आता माझ्याकडेच राहू दे."