सहावं लिंबू

मायक्रोवेव्हवर वीस सेकंदांऐवजी वीस मिनिटं लावली गेली आणि पोळीचा कोळसा झाला. दत्ताराम घाबरले. मागे गॅस चालू राहिला तेव्हा मुलाने, परागने, बजावलं होतं, "आता काही जळलं तर भाईंदरचं घर बंद. काशीमीऱ्याला माझ्याकडे राहायचं."

रोजच्यासारखा तो संध्याकाळी यायच्या आत त्यांनी मायक्रोवेव्हमध्ये लिंबू पिळून पाणी उकळलं, आतले डाग पुसले, खिडक्या उघडल्या. सोमवारी आणलेल्या सहा लिंबांतलं हे एकच कसं उरलं होतं, ते मात्र त्यांना कळेना.

पराग आला आणि दारातच थांबला.

"कसला वास येतोय का रे?" त्यांनी जपून विचारलं.

"लिंबाचा." पराग खाली बघत म्हणाला, "कालही येत होता, बाबा. परवाही."