जीपचा नवा पंखा

"हाही नको," दिगंबरसर म्हणाले आणि पंखा बाकड्यावर ठेवून दिला.

धायरीतल्या गॅरेजात संपतने त्यांच्यासाठी सकाळपासून तीन नमुने मांडले होते. एक मोठा पंखा, एक मध्यम आणि दोन छोट्यांची जोडी. सरांनी प्रत्येकाची पाती बोटाने फिरवून पाहिली, व्यास मोजला, बॅटरीवर किती ताण येईल ते वहीत मांडलं आणि तिन्ही नापास केले. अकरा महिने हेच चाललं होतं. लोक पोरीच्या लग्नालासुद्धा इतकी स्थळं बघत नाहीत.

जुनी जीप बॉनेट उघडं टाकून समोर उभी होती. डोंगरात पहिल्या गिअरमध्ये रांगताना गाडीला वारा लागत नाही, म्हणून रेडिएटरमागे पंखा हवाच. तिचा मूळचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. ओढ्यात उतरण्याआधी तो पट्टा काढायचा, हा डोंगर-ओढ्यांतून जीप हाकण्याच्या खेळातला पहिला धडा. नाहीतर फिरती पाती पाण्याच्या रेट्याने वाकतात आणि रेडिएटर खरवडून काढतात.

गेल्या वर्षी पानशेतकडच्या ओढ्यात जीपचा रेडिएटर तसाच फुटला होता. चालवत होती सरांची मुलगी मैत्री. त्या दिवसाचा व्हिडिओ जीपवाल्यांच्या क्लबातल्या सगळ्यांनी पाहिला होता. काठावर ओढून काढलेली जीप, बाजूला निथळत उभी असलेली मैत्री आणि सरांचा वर्गातला खणखणीत आवाज, "अगं, किती जोरात घातलीस!" पट्टा काढूनही रेडिएटर फुटला, म्हणजे पोरीने पाण्यात गाडी अंदाधुंद घातली, असा निकाल सगळ्यांनी देऊन टाकला.

तेव्हापासून मैत्रीने जीपच्या किल्लीला हात लावला नव्हता. येत्या रविवारी पुन्हा त्याच ओढ्याची फेरी होती. तिने चालवावी, एवढंच सरांना हवं होतं. बिनचूक पंखा मिळाला की पोरीची भीती जाईल, असं ते बायकोला सांगत, संपतला सांगत आणि झोप आली नाही की स्वतःलाही सांगत.

आज खराडीच्या ऑफिसला सुट्टी होती, म्हणून मैत्रीने त्यांना स्कूटरवरून आणून सोडलं होतं. ती एका टायरवर बसून फोन बघत होती. पंख्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आटोमॅटिक बसवू का, सर?" संपतने विचारलं. "इंजिन तापलं की आपोआप चालू."

"आणि ओढ्यात असताना तापलं तर? पाण्यातच फिरायला लागेल."

"मग सादा स्विच लावू. पान्यात उतरताना बंद करायचा."

"आणि बंद करायला कोणी विसरलं तर?"

सर खुर्चीवरून उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा बसले. त्यांना स्वतःचाच राग येत होता आणि तो ते बिचाऱ्या पंख्यांवर काढत होते.

संपतने फडक्याला हात पुसले. त्याचाही धीर आता सुटत आला होता. "सर, पंखा इसरत न्हाई. मानूस इसरतो. आदी मला सांगा, इसरनारा मानूस कोन हाय? त्याच्या बेतानं पंखा लावू."

सरांची नजर मैत्रीकडे गेली. संपतने त्या नजरेचा व्हायचा तोच अर्थ घेतला. "ताई व्हय? मग तर..."

"ती नाही," सर म्हणाले. "मी."

तीस वर्षं मुलांच्या गणिताखाली लाल रेघा ओढलेल्या माणसाला स्वतःची एक चूक सांगायला अकरा महिने लागले होते. आता तोंड उघडलं तसं ते थांबेचनात.

"ओढ्याकाठी नव्या मेंबरांना मी समजावत होतो, पाण्याआधी पट्टा का काढायचा ते. चांगली वीस मिनिटं. चिखलात काडीने आकृती काढून. समजावून झालं आणि मी बॉनेट लावून टाकलं."

"आन पट्टा?"

"जागच्या जागी. हिने विचारलं होतं, बाबा, पट्टा काढला ना? मी हो म्हणालो. गाडी बाहेर ओढल्यावर पाहिलं तर... मग बॉनेटभोवती लोक जमायच्या आत काढला आणि सीटखाली टाकला. आणि सगळ्यांदेखत हिला बोललो."

संपतला कुठे बघावं ते कळेना. तो उगाचच एक पाना पुसत बसला. सरांची मान वर होत नव्हती. मैत्री उठून सरळ निघून गेली असती तरी तिला थांबवायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं.

मैत्रीने फोन खिशात टाकला.

"तुम्ही दोर सोडवत होतात ना, बाबा, तेव्हा बॉनेट मीच उघडलं होतं. पट्टा तेव्हाच दिसला मला."

सरांना आता कुठे उमगलं. या पोरीला पाण्याची भीती कधी बसलीच नव्हती. "मग बोलली का नाहीस?"

"चूक तुमची. मी कशाला बोलू?"

ती बाकड्यापाशी आली. काही न मोजता तिने मोठा पंखा उचलला आणि संपतच्या हातात दिला.

"रविवारच्या आत हा बसवा, संपतकाका. आणि स्विच माझ्या उजव्या हाताला घ्या, बाबांचा हात पोचणार नाही असा."